पुढे पळणारा गुन्हेगार नसतो

(गोवंडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोटारींच्या शर्यतीवर बोला, असा आग्रह या वर्षी मंडळातल्या तरुण कार्यकर्त्यांनी धरला आणि ज्येष्ठांनी तो मान्य केला, याबद्दल आधी दोघांचेही आभार मानतो. मी पॉलिटेक्निकमध्ये मोटार हा विषय शिकवण्यात आयुष्य घालवले. सोमवारी सकाळी वर्गात शिरले की मुलांचा एक वाद हमखास चालू असायचा: कालची शर्यत सरळ झाली का? सारखा एकच जण जिंकत असेल तर त्यात खेळ तो काय राहिला? मला हा वाद फार मोलाचा वाटतो. न्याय म्हणजे काय, यावर अठरा-वीस वर्षांची मुले कोणी न सांगता तावातावाने बोलतात, एकमेकांना दाखले देतात, जुने निकाल उकरून काढतात. नागरिकशास्त्राच्या तासाला मी असे कधी पाहिले नाही.

आपल्या भागाचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. हार्बर लाइनवर इथून चेंबूर, टिळकनगर आणि मग कुर्ला. त्या कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. कंपनी १९४४ ची. तिथे फियाट तयार व्हायची, पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. आपण तिला काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखतो, पण मद्रासजवळच्या शोलावरमला जुन्या विमानतळावर शर्यती व्हायच्या तेव्हा हीच फियाट तिथे पळायची. मूळ गाडी सगळ्यांची सारखी. पुढचे सगळे मेकॅनिकच्या हातात. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, कार्बोरेटर बदलायचा, मागची सीट काढून वजन उतरवायचे. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या शर्यतीच्या रेषेवर येईपर्यंत सारख्या राहतच नसत. मोटार शर्यतीचा पिंडच असा आहे. इथे माणसाबरोबर यंत्रही स्पर्धक असते, आणि यंत्रामागे ते घडवणारे हात असतात. धावण्याच्या शर्यतीतला न्याय जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

आता वर्चस्वाकडे येतो. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. शेवटी चौकटींचा झेंडा फडकवला तो आपल्या सचिन तेंडुलकरने. जिंकला रेड बुलचा सेबास्टियन व्हेटेल. २०१२ ला तोच जिंकला. २०१३ लाही तोच, आणि त्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, त्याचे सलग चौथे जगज्जेतेपदही तिथेच पक्के झाले. त्यानंतर ही शर्यत आपल्याकडे झालेली नाही. भारताच्या भूमीवर फॉर्म्युला वनचा विजेता म्हणून आजवर एकाच माणसाचे नाव लागले आहे.

त्याच २०१३ च्या मोसमात इटलीत मोंझाला आणि पुढे सिंगापूरला विजयमंचावर उभ्या असलेल्या व्हेटेलची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. का? त्याने कोणाला धडक देऊन जिंकले नव्हते, पंच फोडले नव्हते. एड्रियन न्यूईसारख्या कसलेल्या माणसाने आराखडा केलेली गाडी त्याच्याकडे होती आणि ती तो चोख चालवत होता. त्याचा दोष एवढाच की तो सारखा जिंकत होता.

असे काळ या खेळात पुन्हा पुन्हा आले आहेत. १९८८ साली मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. मायकेल शूमाखरने २००० ते २००४ सलग पाच वेळा जगज्जेतेपद मिळवले. २०१४ ते २०२१ अशी आठ वर्षे संघाचे विजेतेपद मर्सिडीजने कोणाला घेऊ दिले नाही. २०२३ ला रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती घेतल्या, त्यातल्या १९ एकट्या मॅक्स व्हर्स्टापेनने. प्रत्येक वेळी चाहते हेच म्हणाले की खेळ संपला. प्रत्येक वेळी कोणीतरी मागून आले आणि पुढच्याला गाठले. पुढे पळणाऱ्याला खेचून मागे आणा, ही मागणी न्यायाची नाही. कंटाळा आला असेल तर तो खरा आहे, पण कंटाळा म्हणजे अन्याय नव्हे. आमच्या वर्गातल्या निम्म्या भांडणांचे मूळ या दोन गोष्टींची गल्लत करण्यात होते.

दुसरी एक हुर्यो मात्र मी शंभर टक्के योग्य मानतो. १२ मे २००२, ऑस्ट्रिया. फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो सुरुवातीपासून पुढे होता. शेवटच्या फेरीत, रेषा समोर दिसत असताना, संघाच्या हुकमावरून त्याने वेग कमी केला आणि आपल्याच संघातल्या शूमाखरला पुढे जाऊ दिले. प्रेक्षकांनी इतका गोंगाट केला की शूमाखरने बॅरिकेलोला विजयमंचाच्या वरच्या पायरीवर ढकलून उभे केले. फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित. गंमत म्हणजे हा दंड हुकमाबद्दल नव्हता, विजयमंचावरच्या शिष्टाचाराच्या भंगाबद्दल होता. पुढच्या वर्षी संघाच्या हुकमांवर बंदी आली, आणि २०११ पासून ती उठलीही. मोंझाची हुर्यो जिंकणाऱ्याच्या विरोधात होती. ऑस्ट्रियाची हुर्यो पळू न देण्याच्या विरोधात होती. चाहत्याला हा फरक कळला पाहिजे.

पण हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, आणि तो का सोपा नाही हे २०२५ च्या मोसमाने दाखवले. मॅक्लारेनचे दोन चालक, लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्ट्री, दोघेही विजेतेपदाच्या शर्यतीत होते. संघाने दोघांना समान वागवायचे ठरवले होते. मोंझाला नॉरिस दुसरा आणि पियास्ट्री तिसरा असताना टायर बदलायला आधी पियास्ट्रीला बोलावले. नंतर नॉरिस आला तेव्हा त्याच्या गाडीचे एक चाक बसवायला वेळ लागला आणि तो पियास्ट्रीच्या मागे पडला. संघाने पियास्ट्रीला सांगितले, जागा परत दे. चाक बसायला उशीर होणे हा शर्यतीचाच भाग आहे, अशी त्याची हरकत होती, पण त्याने जागा दिली. नॉरिस दुसरा आला. दुसऱ्याला १८ गुण, तिसऱ्याला १५.

आता डिसेंबरचा हिशोब पाहा. जगज्जेता नॉरिस, ४२३ गुण. दुसरा व्हर्स्टापेन, ४२१ गुण. बाकी सगळे तसेच धरले आणि मोंझाचे ते तीन गुण काढले, तर नॉरिसचे ४२० राहतात आणि जगज्जेता बदलतो. पुढच्या शर्यतीत कोण कसा पळाला असता हे कोणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे हे गणित म्हणजे निकाल नव्हे. पण आपल्या दोन चालकांना न्याय देण्यासाठी संघाने हात घातला आणि त्याची झळ तिसऱ्यालाच लागू शकली, एवढे यातून दिसते. माझे मत विचाराल तर पियास्ट्रीचे म्हणणे बरोबर होते. चाक बसवणारा मेकॅनिकही शर्यतीतच असतो. त्याची चूक पुसून टाकायची तर त्याची चपळाईही पुसावी लागेल. बारा जणांच्या हातून दोन सेकंदांत चार चाके बदलली जातात ती काय शोभेसाठी?

ज्या एका संध्याकाळी जगभरचे चाहते आमनेसामने उभे राहिले त्या संध्याकाळी आता जाऊ. १२ डिसेंबर २०२१, अबू धाबी. लुईस हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन, दोघांचे गुण अगदी सारखे, ३६९.५. जो पुढे येईल तो जगज्जेता. ५८ फेऱ्यांच्या शर्यतीत ५३व्या फेरीपर्यंत हॅमिल्टन आरामात पुढे. तेवढ्यात मागच्या एका गाडीला अपघात झाला आणि सेफ्टी कार आली. सेफ्टी कारमागे सगळ्यांनी रांगेत हळू चालायचे. व्हर्स्टापेनने आत जाऊन नवे मऊ टायर घातले. हॅमिल्टनला ते शक्य नव्हते, तो आत गेला असता तर पहिली जागा गेली असती. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या.

शर्यत संचालक मायकेल मासी यांनी आधी सांगितले, मागे पडलेल्या गाड्यांनी पुढे जायचे नाही. मग त्यांनी मत बदलले. पण सगळ्या मागे पडलेल्या गाड्यांना नव्हे, फक्त या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांना पुढे जाऊ दिले. त्यानंतर आणखी एक फेरी थांबायची पद्धत होती, तीही न पाळता सेफ्टी कार त्याच फेरीत आत घेतली. उरली एक फेरी. नव्या टायरवरचा व्हर्स्टापेन जुन्या टायरवरच्या हॅमिल्टनला ओलांडून गेला. रेडिओवरून दोन्ही संघांचे प्रमुख संचालकांशी वाद घालत होते, आणि ते सगळे जगाने ऐकले. मासी यांना पुढच्या फेब्रुवारीत पदावरून हटवले. मार्चमध्ये मोटार खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अहवालाने ही मानवी चूक असल्याचे म्हटले. निकाल मात्र तसाच राहिला.

व्हर्स्टापेन त्या वर्षी जगज्जेता होण्याच्या लायकीचा होता, याबद्दल मला शंका नाही. तो सबंध वर्ष जीव तोडून पळाला, आणि त्या संध्याकाळी जे समोर आले त्याचा फायदा घेणे हे त्याचे कामच होते. तरीही ती शर्यत न्यायाने संपली नाही. नियम त्या क्षणी, त्या दोघांपुरता, नवा तयार झाला. हॅमिल्टनच्या जागी व्हर्स्टापेन असता तरी मी हेच म्हटले असते, आणि प्रत्येक चाहत्याने आपल्या मताची हीच परीक्षा घ्यावी. दोन नावांची अदलाबदल करून पाहायची. मत बदलले, तर ते न्यायाचे मत नव्हते, ते प्रेम होते. प्रेम असावे, पण त्याला न्यायाचे नाव देऊ नये.

हे आपल्याला परके नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या कुस्तीत चितपट झाली की नाही यावरून केवढे रण माजले, पंचांवर पाय उचलण्यापर्यंत गोष्ट गेली आणि दोन मल्लांना तीन वर्षांची बंदी झाली, हे आपण सगळ्यांनी पाहिले. पंचावर हात टाकणे मला कधीही मान्य होणार नाही. पण खांदे टेकले की नाही हे पुन्हा पुन्हा तपासण्याची खात्रीची सोय आणि त्याचा आधी ठरलेला नियम असेल, तर पैलवानाचा राग विझायला जागा मिळते. तशी सोय नसेल तर तो राग माणसावर निघतो.

याच्या उलट उदाहरण लास व्हेगासचे, नोव्हेंबर २०२५. गाडीच्या तळाशी एक फळी असते. गाडी फार खाली बसवून वेग मिळवू नये म्हणून तिची जाडी शर्यतीनंतर मोजतात, ९ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. नॉरिस आणि पियास्ट्री, दोघांच्याही फळ्या मिलिमीटरच्या अगदी अंशाने जास्त झिजलेल्या निघाल्या. दोघेही बाद. नॉरिसचा दुसरा क्रमांक गेला, १८ गुण गेले, आणि तेही मोसमाच्या शेवटाला. संघाने खुलासा दिला, दिलगिरीही व्यक्त केली. पण हा अन्याय आहे असे त्याच्या चाहत्यांनाही म्हणवले नाही, कारण नियम आधीपासून लिहिलेला होता आणि मोजपट्टी सगळ्यांना एकच होती. खेळातला न्याय याहून वेगळा मला सांगता येणार नाही.

नियम तंतोतंत पाळूनही मन खट्टू होते, असाही एक दिवस आहे, आणि त्यात आपल्या देशाचे नाव गुंतलेले आहे. १९ जून २००५, इंडियानापोलिस. मिशेलिन कंपनीचे टायर तिथल्या तिरप्या वळणावर टिकणार नाहीत, असे सरावात कळले. त्या वळणाआधी वेग कमी करणारा अडथळा घाला, अशी मागणी झाली. महासंघाने ठाम नकार दिला. शेवटी मिशेलिनच्या १४ गाड्या सुरुवातीच्या संथ फेरीनंतर सरळ आत निघून गेल्या आणि उरलेल्या सहाच पळाल्या. लोकांनी बाटल्या फेकल्या. त्या सहांत जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला, पाच गुण मिळाले, आणि भारतीय चालकाचे फॉर्म्युला वनमधले ते पहिले गुण. त्या गुणांना कोणी कमी लेखले की मला वाईट वाटते. योग्य टायर घेऊन येणे हाही शर्यतीचा भाग होता आणि त्याच्या संघाने तो पाळला. तिकीट काढून आलेल्या माणसाची मात्र फसवणूक झाली. चालकाला न्याय आणि प्रेक्षकाला न्याय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रेक्षकाला शर्यतीतच घेण्याचा एक प्रयोगही झाला. विजेवरच्या फॉर्म्युला ई शर्यतीत, जिथे आपल्या मुंबईचा महिंद्रा संघ पहिल्या मोसमापासून आहे, चाहत्यांनी मते द्यायची आणि सर्वाधिक मते मिळालेल्या मोजक्या चालकांना काही सेकंद जास्तीची शक्ती मिळायची. २०२२ च्या मोसमानंतर ही पद्धत काढून टाकली. बरे झाले. लोकप्रियता गाडीच्या बॅटरीत भरायची गोष्ट नव्हे.

आता पैशाचा मुद्दा, कारण बहुतेक वर्चस्वाच्या मुळाशी तो असतो. २०२१ पासून फॉर्म्युला वनच्या संघांच्या खर्चाला मर्यादा आली, पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर. त्याच वर्षी रेड बुलने ती ओलांडली. ७० लाख डॉलरचा दंड झाला आणि वायुबोगद्यातल्या, म्हणजे विंड टनेलमधल्या, चाचणीच्या वेळेत १० टक्के कपात. शिवाय आता असा नियम आहे की जो संघ वर असेल त्याला वायुबोगद्यात कमी वेळ आणि जो तळाला असेल त्याला जास्त. यशाला शिक्षा का, असे काही चाहते विचारतात. मी या नियमाच्या बाजूचा आहे. श्रीमंत संघाकडे जुन्या वर्षांची माहिती, यंत्रे, माणसे सगळे साठलेले असते, आणि त्या साठ्यावर मर्यादा घालता येत नाही. मागच्याला थोडा जास्त वेळ दिला तर पुढच्याचे काही हिरावले जात नाही. फक्त हे मोसमाआधी ठरलेले असावे, मध्येच नाही.

पण बंधुभगिनींनो, या सगळ्या वादात एका दरवाज्याकडे कोणी पाहत नाही. रेषेवर ज्या गाड्या उभ्या राहतात, त्यांच्यात न्याय आहे का यावर आपण रात्र जागवतो. त्या रेषेवरच्या जागांपर्यंत कोण पोचू शकते? मुंबईच्याच जेहान दारूवालाने फॉर्म्युला वनच्या खालोखालच्या फॉर्म्युला टूमध्ये २०२० साली साखीरला शर्यत जिंकली, या वर्गात जिंकणारा तो पहिला भारतीय. रेड बुलच्या तरुणांच्या तुकडीत होता. एवढे करूनही फॉर्म्युला वनमध्ये त्याला जागा मिळाली नाही. फॉर्म्युला टूमध्ये सगळ्यांची गाडी एकसारखी असते, म्हणजे कागदावर ती समान संधी. पण तिथपर्यंत यायला लहानपणापासून कार्टिंग, मग युरोपात राहणे, टायर, सराव, सगळ्यांचा खर्च कोटींत जातो. ज्याच्या घरी हे शक्य होते त्याचीही ही वाट असेल, तर शिवाजीनगरच्या किंवा बैंगनवाडीच्या गॅरेजात दहा बाय दहाच्या जागेत इंजिन खोलणाऱ्या मुलाचे काय? नुसत्या आवाजावरून टायमिंग सरकले आहे हे ओळखणारी मुले या भागात आहेत. मी त्यांना पाहिले आहे, शिकवलेही आहे. त्यांच्या हातात काही कमी नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ईस्टर्न फ्रीवे आपल्या दारात येऊन संपतो, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता आणि त्यावरचा उड्डाणपूल इथूनच जातो. रात्री त्या रस्त्यांवर गाड्या पळवणाऱ्यांना मी शर्यतीचा चाहता मानत नाही. समोरून येणाऱ्या माणसाने या शर्यतीचा नियम मान्य केलेला नसतो, त्याला तो विचारलेलाही नसतो.

मग या मुलांनी काय करावे? मी पोकळ आशा दाखवणार नाही. इथून चालक म्हणून फॉर्म्युला वनला जाण्याची वाट आज नाही. पण शर्यतीची गाडी घडवण्याची वाट आहे, आणि ती जवळ आहे. विद्याविहारला के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी ओरायन रेसिंग नावाने शर्यतीची गाडी स्वतः बनवतात. पवईला आयआयटी मुंबईचे विद्यार्थी विजेवरची बनवतात. या विद्यार्थी स्पर्धांची रचना मला फार आवडते. तिथे नुसत्या वेगाला गुण नाहीत. गाडी कशी आखली, पैसे कुठे आणि का खर्च केले, हे परीक्षकांसमोर सांगावे लागते आणि त्यालाही गुण असतात. श्रीमंत संघाला तिथे आपल्या श्रीमंतीचे उत्तर द्यावे लागते.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. त्या महाविद्यालयांना: तुमच्या कार्यशाळेचे दार शनिवार-रविवारी आपल्या भागातल्या आयटीआयच्या आणि गॅरेजातल्या मुलांसाठी उघडा. त्यांना स्पर्धेत उतरवता येणार नाही हे मला माहीत आहे, नियम तसा आहे. पण वेल्डिंग, इंजिन, सस्पेन्शन यांवर काम करताना ती तुमच्या बरोबरीने उभी राहतील, आणि तुम्हीही त्यांच्याकडून शिकाल. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना: पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेच्या आत त्या दोन्ही महाविद्यालयांना पत्र लिहा, पाठपुरावा करा, आणि इथल्या निदान दहा मुलांची नावे त्या पत्राला जोडा. यादी करायला मी उद्यापासून बसायला तयार आहे.